ल्युकची ऐरण आणि आमचं आडनाव

परवा शनिवारी इथे ख्राइस्टचर्चच्या हॉर्नबी भागात जे झालं ते लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही. ऑफिसात चार जणांना सांगून झालंय, आता तुमची पाळी...

तीन आठवड्यांपूर्वी आमच्याकडे मुलगी झाली. तिच्यासाठी आप्पा, म्हणजे माझे वडील, पुण्याहून ख्राइस्टचर्चला आलेत. सगळं छान चाललं होतं, फक्त तिच्या जन्मनोंदणीचा फॉर्म फ्रिजवर मॅग्नेटखाली तसाच लटकत होता. एकच चौकट रिकामी... आडनावाची.

आम्ही मूळचे लोहार. आजोबांचा गावात भाता होता आणि आप्पा कॉलेजात जाईपर्यंत त्यांच्या हाताखाली काम करायचे. मी चौथीत असताना त्यांनी गॅझेटमध्ये देऊन आम्हा सगळ्यांना वडगावकर करून टाकलं. नोकरीला होते त्या बँकेत आडनाव सांगितलं की समोरच्याचा सूर कसा बदलायचा, हे त्यांनी मला आयुष्यात एकदाच सांगितलंय. तेही दुसरीकडे बघत.

आणि मी काय करतो? तर भूकंपानंतर इथे ज्या नव्या इमारती उभ्या राहतायत, त्यांचे स्टीलचे सांगाडे डिझाइन करतो. दिवसभर लोखंडच! म्हणून लेकीला लोहार हेच आडनाव द्यायचं माझ्या मनात होतं, आणि हिचीही ना नव्हती. आप्पा मात्र ऐकेनात. पोरीनं काय पाप केलंय, एवढंच म्हणाले आणि खोलीत निघून गेले.

त्यात येत्या रविवारी बारसं. पाळणा गॅरेजच्या तुळईला टांगायचा ठरला, पण त्याला भक्कम आकडा हवा. दुकानातले सगळे आकडे आप्पांनी नापास केले... यावर मुलगी टांगायची आहे की टोपी, असं विचारून.

आमच्या वर्कशॉपमध्ये ल्युक नावाचा फ्रेंच वेल्डर आहे. त्याने घरामागच्या शेडमध्ये हौस म्हणून भट्टी लावलीय. त्याला आकड्याचं सांगितलं तर म्हणाला, स्वीट ॲज (म्हणजे इथल्या बोलीत 'एकदम मस्त'), शनिवारी या. आप्पांना मी जवळजवळ ओढूनच नेलं. शेडमध्ये शिरल्यावरही ते जॅकेटच्या खिशात हात घालून दाराशीच उभे होते.

ल्युकने भट्टीत सळई घातली, कॉफीचा मग उचलला आणि आरामात ऐरणीवर बसला.

"नो! गेट अप. प्लीज, गेट अप."

आप्पा! माझे आप्पा, जे इथे डेअरीत दूध मागतानाही मला पुढे करतात! ल्युक बिचारा ताडकन उठला, कॉफी सांडली, मला तर कुठे तोंड लपवू असं झालं. आप्पा पुढे गेले, रुमालाने ऐरण पुसली, तिला हात लावून तो कपाळाला लावला. आमच्यात ऐरणीवर बसत नाहीत, तिच्यावरच घर चालतं... हे मी ल्युकला समजावून सांगितलं.

त्याने आप्पांना विचारलं, तुम्ही ब्लॅकस्मिथ होता का? मी सवयीने रिटायर्ड बँकर म्हणणार होतो. पण आप्पाच बोलले.

"माय फादर. अवर नेम... लोहार."

लोहार म्हणजे काय, हे मी सांगितलं. ल्युक हसायलाच लागला. त्याचं आडनाव लफेव्र, आणि त्याचाही अर्थ अगदी हाच!

मग गडी सुटलाच. म्हणे जुन्या काळी फ्रान्समध्ये गावागणिक एक लोहार असायचा. लोक माणसाला त्याच्या कामावरून ओळखायचे, तेच पुढे पोराबाळांना चिकटलं. गावं किती, तितके लोहार... म्हणून आज त्याच्या उत्तरेकडच्या भागात जिकडेतिकडे लफेव्र. दक्षिणेत याच कामावरून फाब्र आणि फोर झाले. त्याच्या शाळेत एका वर्गात चार लफेव्र होते, चौघांपैकी एकाच्याही घरी भट्टी नव्हती. त्याचा सख्खा भाऊ दातांचा डॉक्टर आहे. डॉक्टर लोहार!

आप्पा कान देऊन ऐकत होते. मग त्यांनी हळूच मला मराठीत सांगितलं, याला विचार, नाव सांगितल्यावर लोक काय म्हणतात?

मी विचारलं. ल्युकला प्रश्नच कळला नाही. मी पुन्हा, सोपं करून विचारलं.

"काय म्हणणार? स्पेलिंग विचारतात."

आप्पांनी जॅकेट काढून माझ्या हातात दिलं, बाह्या सारल्या आणि हातोड्यासाठी हात पुढे केला. चाळीसेक वर्षांनी! पहिला घाव चुकला, दुसरा अर्धवट बसला... तिसऱ्यापासून मी आणि ल्युक नुसते बघत होतो. आकडा असा वळवला की ल्युकने फोनवर त्याचे फोटो काढले. खरं सांगतो, मला रडू आलं. धूर होता म्हणून सांगितलं.

घरी आल्यावर आप्पांनी हात धुतले, चष्मा लावला आणि फ्रिजवरचा फॉर्म काढून माझ्याकडे पेन मागितलं. रिकाम्या चौकटीत कॅपिटलमध्ये, एकेक अक्षर सावकाश... LOHAR. बाप वडगावकर, लेक लोहार!

मला राहवलं नाही. म्हटलं, आप्पा, शाळेत तिला कोणी काही विचारलं तर?

"तर सांगेल ती, माझा पाळणा ज्या आकड्याला टांगला होता, तो माझ्या आजोबांनी घडवलाय म्हणून."

आकडा काल तुळईला लावला. मी स्वतः लोंबकळून बघितलं, हलत नाही.

ल्युक, मित्रा, तुला मराठी वाचता येत नाही, पण तरी... त्या दिवशी ऐरणीवर बसलास, त्याबद्दल थँक यू.