धुऱ्यावरची सायकल

हँडलवर मोबाइल लावून मी माझ्या धाकट्या भावाच्या शेतातून सायकल ढकलत नेली आणि त्यानंतर त्याचा रोज संध्याकाळी येणारा फोन बंद झाला. का बंद झाला हे कळायला मला तीन आठवडे लागले. तोवर मी रस्त्यांवर चिडण्यात इतकी गुंतले होते की फोन येत नाही, हेच उशिरा लक्षात आलं.

झालं असं, की पुण्यात नोकरी करणारी माझी मुलगी दर रविवारी चार मैत्रिणींबरोबर डोंगरात सायकल चालवायला जाते. मैत्रिणींनी तिला विचारलं, तुमच्याकडे काय आहे? तिनं मला फोन केला. "आई, आपल्याकडे बघण्यासारखं काही आहे का गं? खरं सांग." ते 'खरं सांग' मला फार झोंबलं. मी भोकरदनच्या शाळेत वीस वर्षं भूगोल शिकवते. फळ्यावर अजिंठ्याची रांग काढून काढून हात बसलाय. मी म्हटलं, दिवाळीला सगळ्यांना घेऊन ये, असा रस्ता काढून ठेवते की पुण्याचं नाव घेणार नाहीत. बोलून गेले आणि अडकले.

गुडघ्यांसाठी घेतलेली गिअरची सायकल घरात होतीच. आता फक्त रस्ता शोधायचा होता. पण आमच्याकडे कुणालाही 'सुंदर रस्ता कोणता' असं विचारलं, की माणूस जरा विचार करतो आणि तुम्हाला नव्या सिमेंटच्या रस्त्यावर पाठवतो. शाळेतले एक सर तर मला मुद्दाम त्यांच्या मोटारसायकलवर बसवून घेऊन गेले. "बघा मॅडम, बिलकुल चकाचक. पोटातलं पाणी हलणार न्हाई." मला ते हलायलाच हवं होतं. दगड, चढ, ओहोळ असलेला, आजूबाजूला झाडी असलेला रस्ता हवाय, असं मी त्यांना समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी शाळेत दोघीतिघींनी माझ्या तब्येतीची चौकशी केली.

मग मी एकटीच निघाले. पहिल्या रविवारी पाझर तलावाच्या काठानं गेले. पाणी छान होतं, बगळे होते, आणि वेड्या बाभळीचे काटेही होते. तीनदा पंक्चर झाली. शेवटचे दोन किलोमीटर सायकल माझ्यावर बसल्यासारखी मी तिला ओढत आणली. दुसऱ्या रविवारी गावामागच्या टेकडीवर गेले, तर अर्धी टेकडीच जागेवर नव्हती. मुरुमासाठी खोदून नेली होती, आणि जिथून खालचं गाव दिसायचं तिथं आता खड्ड्यात साचलेलं हिरवं पाणी दिसत होतं. मी मुलांना 'टेकडी म्हणजे काय' शिकवताना हीच टेकडी दाखवायचे. इतका संताप आला की डबाही न उघडता परत आले.

शेवटी माहेरची गाडवाट आठवली. धावडा गावाच्या पुढं आमचं लहानसं गाव आहे. तिथून डोंगराच्या पायथ्यापर्यंत बैलगाडीची वाट जायची. सीताफळं पिकली की वडील आम्हा दोघा भावंडांना गाडीत बसवून त्या वाटेनं न्यायचे. समोरून दुसरी गाडी आली तरी कुणाला थांबावं लागत नसे. पायथ्यापासून पुढं पळस, साग, आणि वर गेलं की पलीकडच्या जिल्ह्यातली दरी एकदम उघडते. हे पहिल्यांदाच कसं सुचलं नाही म्हणून मी स्वतःवरच चिडले.

पिकअपमध्ये सायकल टाकून तिसऱ्या रविवारी गावी गेले. भाऊ बाजाराला गेला होता, म्हणून घरी न थांबता थेट वाटेला लागले. वाट सुरुवातीला होती. मग अरुंद झाली. मग धुऱ्याएवढी, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधाएवढी झाली. दरवर्षी नांगरताना एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, जास्तीचं मारायचं आणि धुरा हातभर सरकवायचा, ही आमच्याकडची जुनी खोड. कुणी वाट गिळली असं म्हणता येत नाही, कारण कुणीच एकदम गिळत नाही. मी एकेका शेताच्या मालकाला मनातल्या मनात शिव्या घालत सायकल रेटत होते. याला लाज नाही, त्याला लाज नाही, असं करत पुढं गेले, आणि एका ठिकाणी वाट संपलीच. समोर खांद्याएवढी तूर उभी होती. त्या तुरीच्या कडेला चिंच होती, आणि त्या चिंचेवरून मी लहानपणी पडले होते. शेत आमचंच होतं.

याच तुरीचं पोतं दरवर्षी माझ्या घरी येतं. तिचं वरण मी कौतुकानं लोकांना वाढते. मी तिथं बराच वेळ उभी राहिले आणि मग, शिव्या कुणाला घालाव्यात हे न कळल्यामुळं, कामाला लागले. सायकल जायला किती जागा लागेल म्हणून या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत पावलं मोजली. मोबाइलवरच्या नकाशात मी गेलेली वाट उमटत होती, म्हणून मोबाइल हँडलला लावून शेताच्या कडेनं पुढं-मागं गेले. शेजारच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बाया हात थांबवून बघत होत्या. मी त्यांना हात केला. त्यांनी केला नाही.

तीन आठवड्यांनी भावजयीचा फोन आला. आवाज अगदी बारीक. "अक्का, एक विचारू का? राग मानू नका. तुम्ही वकील बघितला म्हणत्यात गावात."

"कशाला वकील?"

"हिस्स्यासाठी. तुम्ही रान मोजून गेल्त्या म्हणं."

वडील गेल्यापासून सातबाऱ्यावर आम्हा दोघांची नावं आहेत. आमच्याकडे बहीण कधीतरी एक दिवस सही करून आपला हिस्सा भावाला सोडते. भावानं मागायचं नसतं, तिनं आपणहून द्यायचं असतं. माझा भाऊ संकोचानं कधी बोलला नाही. आणि मला, देवाशपथ, कधी आठवलंच नाही. आठवलं असतं तर त्याच दिवशी सही केली असती.

त्याला लगेच फोन लावला. "अरे, मी सायकलसाठी रस्ता बघत होते."

"सायकलला रोड हाय की, अक्का."

"मला गाडवाट हवी होती. ती तू नांगरून टाकलीस."

"मंग तेच म्हणून राह्यलो ना मी. धुरा कशाला मोजला तू?"

मी अर्धा तास समजावलं. मुलगी, मैत्रिणी, डोंगर, सगळं सांगितलं. तो फक्त "बराबर हाय" म्हणत राहिला, आणि त्याला काहीही पटलेलं नाही हे मला कळत होतं. त्याचा तरी काय दोष म्हणा. पन्नाशीची बाई चांगला रस्ता सोडून हौसेनं खराब रस्ता शोधत फिरते, यापेक्षा ती हिस्सा मागते हे पटायला सोपं होतं. मी फोन ठेवला आणि चिडून रडले. एका सायकलीपायी माझं माहेर तुटत होतं आणि खरं बोलूनही उपयोग नव्हता.

दिवाळीच्या चार दिवस आधी त्याचाच फोन आला. "रस्ता करून ठेवलाय. भाऊबीजेला पोरींना घेऊन ये." मला इतका आनंद झाला की मी शेजारणीला बोलावून सांगितलं.

त्यानं खरंच रस्ता केला होता. शेंगा धरलेल्या तुरीच्या दोन ओळी कापून गाडीएवढी वाट काढली होती. पाचही पोरी सकाळच्या उन्हात तिथून ओरडत गेल्या, मी मागून. पायथ्याला सीताफळं खाल्ली, वर चढून दरी बघितली. मग मुलगी म्हणाली, "आई, हे तू आधी का नाही दाखवलंस?" इतके आठवडे ज्या एका वाक्यासाठी मी उन्हातान्हात फिरले होते, ते हेच.

दुपारी भावाच्या घरी त्याला ओवाळलं. तो दरवर्षी ताटात साडी ठेवतो. यंदा साडी ठेवली आणि तिच्यावर एक प्लास्टिकची फाइल ठेवली.

"सोमवारी रजिस्ट्री ऑफिसात यायचं हाय, अक्का. कागद तयार हायत." तो माझ्याकडे बघत नव्हता. "तुझं काम मी केलं ना."

बाहेर ओसरीत पोरी हसत होत्या. ताटातली ज्योत हलत होती. मी "येते" म्हटलं. सोमवारी रजा टाकून गेले आणि जिथं जिथं बोट ठेवलं तिथं तिथं सही केली. मला ती जमीन नको होती, आजही नको आहे. पण द्यायची म्हणून मी ती दिली असती, आणि आता ती माझ्याकडून घेतली गेली. हा फरक त्याला कसा सांगायचा ते मला आजवर सुचलेलं नाही. संध्याकाळी त्याचा फोन पहिल्यासारखा आला. "जेवलीस का?"

जूनमध्ये मुलीनं कळवलं की यंदा आठजणी येणार आहेत, रस्ता तोच हवा. मी भावाला विचारलं, वाट तशीच ठेवशील ना?

"पेरलं की अक्का ते," तो मोकळेपणानं हसला. "आता कशाला लागतो रस्ता? सही झाली ना."

त्याच्या लेखी सायकल कधी नव्हतीच. मी त्याला जेवलास का विचारलं आणि फोन ठेवला.

परवा सायकल पुसून त्या सरांच्या सिमेंटच्या रस्त्यावर एक चक्कर मारून आले. ते म्हणाले ते खरं आहे. पोटातलं पाणी हललं नाही.