मोंबासाचं भाडं

पदर खोचून बाई थेट टेबलापाशी यायच्या आणि खुर्चीवर बसण्याआधीच सांगायच्या, "वकीलसाहेब, माझं वेगळं लिहा."

उस्मानाबादेत मी तेव्हा त्या वकिलांकडं कारकून होतो. हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणानंतर इन्कमटॅक्सचा कायदा आमच्याकडं नवाच होता. येणारा प्रत्येक जण उत्पन्न झाकायचं कसं, हेच विचारायचा. या बाई मात्र दाखवायला आल्या होत्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, पण थोडीच.

त्या तुळजापूरच्या पुजारी घराण्यातल्या सून. नवरा रेल्वेच्या नोकरीसाठी मोंबासाला गेला, मागोमाग याही गेल्या. तो लवकर वारला. पदरात एक मुलगी. बाई परत आल्या नाहीत. तिथल्या इस्पितळात सुईणीचं काम शिकल्या, नोकरी केली आणि पगारातून लहानसं घर बांधलं. मुलीच्या शाळेसाठी मायदेशी आल्या तेव्हा ते घर भाड्यानं दिलं. भाडं सोलापूरच्या बँकेत यायचं.

घराचे कर्ते म्हणजे थोरले दीर. समुद्रापलीकडचं कोण बघायला येतंय, दाखवूच नका, असं त्यांचं म्हणणं. बाई ऐकेनात, तेव्हा त्यांनी दुसरी वाट काढली. दाखवायचंच तर एकत्र कुटुंबाच्या खात्यात दाखवा, करही कमी बसेल. वकिलांनाही ते पटलं. पण बाईंनी त्यातली मेख ओळखली. भाडं कुटुंबाचं झालं की उद्या घरही कुटुंबाचं झालं. मग मुलीचं शिक्षण दिरांच्या मर्जीवर.

शेवटी दोघं इन्कमटॅक्सच्या साहेबांपुढं उभी राहिली. दीर म्हणाले, आमच्या घराण्याच्या पैशावर ही बोटीत बसली. बाईंनी इस्पितळाचा पगाराचा दाखला पुढं ठेवला.

"भाऊजी, तुमच्या घरी मी नांदायला आले. राबले ते माझ्या हातांनी."

वेगळं दाखवलं तर कर जास्त पडेल, असं साहेबांनी समजावलं.

"भरीन की. पण पावती माझ्या नावाची पायजे."

ती मिळाली. त्याच आठवड्यात दिरांनी त्यांची चूल वेगळी केली. बाई मुलीला घेऊन बेंबळीला गेल्या आणि तिथं बाळंतपणं करू लागल्या. दर वर्षी बसनं यायच्या, परदेशातलं उत्पन्न पै न् पै लिहवून घ्यायच्या. एकदा मी दबकत विचारलं, इतका हट्ट कशाला? त्या हसल्या. "दिसंल ते माझं. झाकलं की कुणाचंबी."

त्या भाड्यावर मुलगी डॉक्टर झाली.

बाई गेल्या तेव्हा मी बेंबळीला गेलो होतो. आमच्याकडं बाया स्मशानात जात नाहीत. त्या दिवशी निम्म्या गावातल्या बाया, बाईंच्या हातांवर जन्मलेली पोरं कडेवर घेऊन, तिरडीमागं निघाल्या. वाटेत तुळजापूरहून आलेले म्हातारे दीर काठी टेकून उभे होते. बायांना ते मागं फिरायला सांगतील, असं वाटलं. ते बाजूला सरले, त्यांना पुढं जाऊ दिलं आणि मग सगळ्यांच्या मागून चालू लागले.