शेजाऱ्याचा सबवूफर

दहिवलीतला आमचा शेजारी प्रत्येक गोष्टीत माझा सल्ला घेतो. "काय रं, बरोबर ना?" असं विचारतो आणि उत्तराची वाट न बघता पुढे बोलत राहतो.

यंदा त्याने घरात सिनेमाची खोली बांधली. स्पीकर-ॲम्प्लिफायरचा नाद मला, खोली मात्र त्याची. मी तोंडभरून कौतुक केलं आणि घरी येऊन दोन घासही नीट जेवलो नाही.

सबवूफर, म्हणजे खर्जाचा दणका देणारा स्पीकर, निवडायला त्याने मलाच कर्जतच्या दुकानात नेलं. सोबत त्याची बायको होती. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. मी ऐटीत एक सबवूफर दाखवला. "हाच घे. अजिबात घुमत नाही."

"तुजं खरं हाय, पण थांब रं," म्हणत त्याने बायकोचा तळहात त्या खोक्यावर टेकवला आणि दुकानदाराला ढोलाचं गाणं लावायला सांगितलं. तिने नकारार्थी मान हलवली. मग दुसरा झाला, तिसरा झाला. पुढचा इतका धडधडला की मला ऐकवेना. तिने मात्र डोळे विस्फारले, त्याच्याकडे पाहिलं आणि खळखळून हसली.

"ह्योच द्या," तो म्हणाला. "खोली हिच्यासाठीच बांधलीय."

परतताना रिक्षात दोघं हातांच्या खुणांनी काहीतरी बोलून सारखी हसत होती. न राहवून मी विचारलं, "काय झालं?"

"आमचं हाय ते. तुला नाय सांगायचं."

खोलीचा हेवा मी तिथेच विसरलो. हा दुसरा मात्र अजून जात नाही.