सहदेवदादांचा जुना नंबर

बोरिवलीच्या आमच्या कामगार वाचनालयाचे ग्रंथपाल सहदेव घाडी यांच्यावर मी अजून रागावलेली आहे. तरी त्यांच्याविषयी वाईट लिहायला हात उचलत नाही, माणूसच तसा आहे. गिरणी बंद पडून ऐन पंचविशीत रस्त्यावर आले, तेव्हा चाळीच्या मंडळाने त्यांना वाचनालय उघडायला-बंद करायला बसवलं. ते बसले ते बसलेच. पुस्तक फाडून आणणाऱ्याला चारचौघांत झाडायचे आणि संध्याकाळी खळ लावून ते स्वतःच चिकटवायचे.

वाचनालयाचं खरं धन म्हणजे हस्तलिखित अंक. कोकणातून आलेली गिरणीतली माणसं दरवर्षी एक अंक काढायची. छापणं परवडायचं नाही, म्हणून ज्याचा लेख त्याने आपल्याच हाताने लिहायचा. प्रत एकच, ती घरोघर फिरायची. संपाच्या वर्षीच्या अंकात माझ्या बाबांचा लेख आहे. होता, म्हणायला हवं.

पुढे चाळीचा टॉवर झाला आणि वाचनालयाला जिन्यालगत एक खोली मिळाली. वाचायला कोण येणार? लोक यायचे ऑनलाइन फॉर्म भरून घ्यायला, नाहीतर प्रिंटआउट काढायला. दादा पासष्टीला तेही शिकले. मग मंडळाचा चिटणीस प्रीतम म्हणाला, "दादा, ते अंक स्कॅन करून टाका ना. कायमचं टेन्शन संपेल."

दादांनी मनावर घेतलं. रोज सकाळी खिडकीशी उजेडात अंक उघडायचे आणि मोबाइलने पान न् पान टिपायचे. सगळे फोटो इंटरनेटवर, त्यांच्याच खात्यात चढले. "आता आग लागो नायतर वाळवी," ते बोट आभाळाकडे करून सांगायचे, "आपला सगळा वर आसा!" वाळवी लागलीच होती, जागाही नव्हती. मूळ अंक रद्दीच्या गाडीवर गेले. दादांनी आपल्या हातांनी चढवले. मंडळाच्या कमिटीने हुश्श केलं. ते फोटो मात्र कुणी बघायला मागितले नाहीत. आहेतच ना, बघू केव्हाही!

गेल्या वर्षी भावाच्या आजारपणात दादा गावी जाऊन राहिले. तिथे त्यांचा फोन विहिरीत पडला. घरात आजारी माणूस असताना नवा फोन कोण घेतो? रिचार्ज राहिला, आणि ते परत येईपर्यंत कंपनीने त्यांचा नंबर दुसऱ्या कुणाला देऊनही टाकला होता.

बाबांचं अक्षर बघावंसं वाटलं म्हणून मी गेले, तेव्हा हे उघड झालं. नव्या फोनवर दादांनी पासवर्ड टाकला, तर खातं म्हणे, जुन्या नंबरवर कोड पाठवलाय, तो सांगा. प्रीतमने चार दिवस सगळ्या खटपटी केल्या, खातं काही उघडेना. शेवटी दादांनी माझ्यासमोर आपल्याच जुन्या नंबरला फोन लावला.

एका तरुण मुलीने उचलला.

"ताई, मी बोरिवलीहून ग्रंथपाल बोलतोय," दादा अगदी अदबीने म्हणाले. "तुम्हाला आत्ता एक कोड येईल. तेवढा मला सांगाल का?"

मी कपाळावर हात मारला. चोरसुद्धा हेच बोलतात.

"काका, येडी समजता काय मला?" मुलगी तडकली. "माझ्या मम्मीला असाच फोन आला होता, पार वाट लागली आमची. परत फोन केलात ना, तर सायबरला कम्प्लेंट टाकीन."

माझा तोल गेला. मी दादांच्या हातातून फोन ओढला. "अगं, माझ्या बाबांचं अक्षर आहे त्यात! दुसरीकडे कुठ्ठे राहिलेलं नाही. सहा आकडे सांगायला तुझं काय जातंय?"

ती म्हणाली, "आंटी, तुम्ही रडताय का? सॉरी ना. पण तुम्ही कोण, ते मला कसं कळणार?"

आवाज मऊ झाला होता. अजून दोन मिनिटं बोलले असते, तर तिने सांगितलाही असता. तेवढ्यात दादांनी फोन परत घेतला. मला वाटलं, आता हे गोड बोलून काम करणार.

"नको सांगू गो बाय," ते म्हणाले. "तुझा बरोबर आसा. कोणाकच सांगू नको." आणि फोन ठेवून दिला.

"दादा, डोकं फिरलंय का तुमचं?" मी ओरडलेच. "ती तयार होत आली होती! आता कुठून आणणार तुम्ही ते अंक?"

दादा खुर्चीत बसले.

"वनू," ते म्हणाले, "त्या पोरीन निदान इचारल्यान तरी, तुमी कोण म्हणान. मी अंक रद्दीच्या गाडयेर चढवलंय, तेव्हा माका कोणीच काय इचारूक नाय."