लव्हॉनची व्हॅन आणि माझा बोर्ड

लव्हॉन हाव्लिचेकबद्दल कोणी वाकडं बोललं तर मी त्याच्या गाडीला टायर बसवत नाही. आमच्या आर्डेन गावात टायरचं दुकान एकच, आणि ते माझं, मर्ल स्टूकीचं. त्यामुळे सहसा कोणी बोलत नाही. पण तीन वर्षांपूर्वी तिच्याबद्दल सगळ्यात जास्त वाकडं बोलणारा माणूस मीच होतो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर बायको सांगेलच.

लव्हॉन एरवी शाळेची पिवळी बस चालवते. आमच्या अमेरिकन फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की शुक्रवारी आणि रविवारी ती गावातल्या कॉलेजच्या पांढऱ्या व्हॅनवर असते. आमच्या टीमकडून खेळशील का म्हणून ज्या परगावच्या मुलांना कॉलेज बघायला बोलावतात, त्यांना आईबापासकट लिंकन शहराच्या विमानतळावरून आणायचं आणि परत नेऊन सोडायचं. जायला तीन तास, यायला तीन तास. गेली सव्वीस वर्षं ती हे करते आहे.

तिची पद्धत ठरलेली. मुलाला मागे बसवायचं, आईला पुढे आपल्या शेजारी. टीमचं, कॉलेजचं, कोचचं कौतुक एका शब्दाने करायचं नाही. वारा किती सुटतो, बर्फ कधी पडतो, हाडांचा डॉक्टर किती लांब आहे, हे मात्र कोणी विचारायच्या आधी सांगून मोकळं व्हायचं. मुलं जमवायचं काम ज्याच्याकडे आहे तो कोच गॅरिटी कपाळाला हात लावायचा. त्याचंही खरंच होतं म्हणा. आमच्याकडे समुद्र नाही, डोंगर नाही, मोठं शहर नाही. मक्याचं शेत संपलं की पुन्हा मक्याचं शेत. मोठी कॉलेजं त्याच पोरांना आरशासारखी चकचकीत जिम दाखवतात, आणि इकडे ही बाई आईला सांगते की जानेवारीत कान झाकले नाहीत तर ते हातात येतील.

पण एक गोष्ट कबूल करायला हवी. तिच्या व्हॅनमधून आलेली मुलं टिकायची. व्हॅनच्या काचेवरच्या, ऊन अडवायच्या झडपेत तिने कार्डं खोचून ठेवलेली असतात. प्रत्येक कार्डावर एका आईचं नाव, तिचा फोन, आणि पोराला काय खाल्लं की बाधतं ते. मैदानात पोरगा आडवा झाला की स्ट्रेचर बाहेर यायच्या आत लव्हॉन त्याच्या आईशी फोनवर बोलत असते. तिचा नवरा रे बारा वर्षांपूर्वी गेला, मूलबाळ झालं नाही. पण ख्रिसमसला तिच्या फ्रिजचं दार दिसत नाही, इतकी पत्रं त्यावर लागलेली असतात.

आता माझं सांगतो. अडतीस वर्षं माझी जागा एकच, मधल्या रेषेवर, अकरावी रांग. आमची टीम म्हणजे करकोचे. ते हरले की मला जेवण जात नाही. दर सोमवारी संध्याकाळी रेडिओवर कोचचा कार्यक्रम असतो, त्यात पहिला फोन माझा. प्रश्नही ठरलेला, की पुढच्या फळीत भिंतीसारखी उभी राहणारी पोरं आपल्याला का मिळत नाहीत? तुम्ही झोपा काढता का? सगळं गाव ऐकायचं आणि मला चेव यायचा.

आणि माझा बोर्ड. आमच्या गावात प्रत्येक दुकानासमोर सुटी अक्षरं लावायचा बोर्ड असतो. सामना झाला की रविवारी सकाळी सगळे शिड्या काढतात आणि अक्षरं बदलतात. पेट्रोल पंपवाला काय म्हणतो, बँक काय म्हणते, हे बघायला लोक चर्चवरून मुद्दाम लांबच्या रस्त्याने घरी जातात. माझा बोर्ड गावात शिरायच्या रस्त्यावर पहिलाच आहे आणि सगळ्यात तिखटही माझाच असायचा. त्याची मला घमेंड होती, खोटं कशाला बोलू.

त्या नोव्हेंबरात नदीपलीकडच्या कॉलेजशी सामना होता. शेवटचे चार सेकंद, आम्ही एका गुणाने मागे. आमच्या ३७ नंबरने, कोल्बी रॅश्के त्याचं नाव, बॉलला लाथ मारून तो दोन खांबांमधून घालवायचा होता. सत्तावीस यार्ड. माझ्या आजीने सपाता घालून घातला असता. याने हातभर बाहेर मारला.

रविवारी मी शिडी लावली आणि लिहिलं, ‘चाकांचं अलाइनमेंट करून मिळेल. ३७ चा पायही आणा.’

काय सांगू, लोक गाड्या थांबवून फोटो काढत होते. सोमवारी रेडिओवाल्यानेच मला फोन करून तो वाचायला लावला. बुधवारपर्यंत आसपासच्या चार गावांत तो पोचला होता. माझी बायको ओपल तेवढी हसली नाही. ती म्हणाली की त्या पोरालाही आई असेल. मी म्हटलं, मग तिने नेम शिकवायचा होता.

शुक्रवारी पहाटे लव्हॉन व्हॅन घेऊन दुकानात आली. टायरमध्ये हवा बघायची होती. मी हवा भरत असताना तिने सांगितलं की आज कॅन्सस सिटीहून जोवान ब्रॅन्टली येतोय, आईबरोबर. मी ताडकन उभा राहिलो. जोवान ब्रॅन्टली म्हणजे साडेसहा फूट, दीडशे किलो. तीच ती भिंत, जी मी दर सोमवारी मागत होतो. त्याच्यामागे आणखी तीन कॉलेजं होती, तिन्ही आमच्याहून मोठी. लव्हॉन म्हणाली, दुपारी मी त्यांना याच रस्त्याने आणणार आहे, तो बोर्ड काढ. मी म्हटलं, मागच्या रस्त्याने आण की. बोर्ड माझा, जागा माझी, अडतीस वर्षं तिकीट माझं. आणखीही बरंच बोललो. कॉलेजच्या ड्रायव्हरने गावाला शहाणपण शिकवू नये, असंही बोललो. तिने व्हॅन सुरू केली आणि निघून गेली. मला वाटलं, जिरवली हिची.

दुपारी तीन वाजता व्हॅन बोर्डाखाली थांबली, मग वळली आणि सरळ माझ्या दुकानात शिरली. पुढच्या दारातून एक बाई उतरली, अंगात नर्सचा निळा कोट, कामावरूनच निघाली असावी. मागून तो पोरगा उतरला आणि व्हॅन चार बोटं वर उचलली गेली.

"मिसेस ब्रॅन्टली, हे मर्ल," लव्हॉन म्हणाली. "बोर्ड यांचा आहे. मला विचारत होतात ना, आता यांनाच विचारा. आणि मर्ल, टीमबद्दल चकार शब्द काढायचा नाहीस, चाहत्यांनी पोरांना ओढायचं नाही हा नियम माहीत आहे तुला. विचारतील तेवढंच सांग."

त्या बाईने आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

"३७ नंबरचं वय काय हो?"

"असेल एकोणीस."

"माझा सतराचा आहे. अंगाने एवढा आहे, म्हणून कोणाला वाटत नाही. हा चुकला तर तुम्ही काय लिहाल?"

पोरगा मान खाली घालून फरशीवरचे नट मोजल्यासारखा उभा होता. गिऱ्हाईक चिडलं की मी जे करतो तेच केलं. भिंतीवरची दुकानाची टोपी काढली आणि पोराच्या डोक्यावर ठेवली.

लव्हॉनने झडप घातली. साठीची बाई एवढी चपळ असेल असं मला वाटलं नव्हतं.

"मर्ल, डोकं फिरलंय का तुझं? चाहत्याच्या हातून साधी टोपी घेतली तरी याचं खेळणं अडकेल."

"मला लहानच होत होती, मॅम," पोरगा हळूच म्हणाला.

तिघंही निघून गेले. मी टोपी परत खुंटीला लावली. मग शिडी काढली, अक्षरं उतरवली. लाज वाटली म्हणून उतरवली, दुसरं कारण नाही. त्यांच्या जागी लिहायला मात्र काही सुचलं नाही.

शनिवारी सकाळी ओपलने बातमी आणली. तिची मावसबहीण कॉलेजच्या ऑफिसात आहे. कोच गॅरिटीने लव्हॉनला संध्याकाळीच सांगितलं होतं, की वर्षभर ज्या पोरासाठी आम्ही मरमर राबलो, त्याला तू गावातल्या सगळ्यात तोंडाळ माणसाच्या दारात नेलंस. रविवारी त्यांना विमानतळावर सोड आणि व्हॅनची चावी जमा कर. लव्हॉन म्हणे फक्त "बरं" म्हणाली.

ओपलने कॉफी माझ्यापुढे जरा आपटूनच ठेवली.

दुपारी सामना. पाहुण्यांच्या जागा माझ्या तीन रांगा खाली, आणि तिथे ती दोघं मायलेकं बसलेली. आणि देवाची लीला बघा, पुन्हा तेच. शेवटचं मिनिट, दोन गुणांनी मागे, ३७ नंबर मैदानात. बॉल गेला, डाव्या खांबावर आदळला आणि बाहेर.

सगळं मैदान खवळलं. माझ्या मागचे लोक आधी माझ्याकडे बघत होते, कारण सुरुवात नेहमी मीच करतो. मी हात मांडीखाली दाबून बसलो. खाली मिसेस ब्रॅन्टली उठून उभ्या राहिल्या होत्या. मैदानाकडे त्यांची पाठ होती. त्या आमच्याकडे बघत होत्या, एकेका चेहऱ्याकडे, सावकाश. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्या सामना बघायला आल्याच नव्हत्या.

घरी ओपलने खिमा-राजम्याची चिली केली होती, आणि दालचिनीचे रोल. मी एक घास खाल्ला नाही. फोन सारखा वाजत होता. मर्ल, उद्या काय लिहिणार? मर्ल, या वेळी सोडू नकोस त्याला. पेट्रोल पंपवाल्याने तर दोन ओळी सुचवल्याही. शेवटी मी फोन काढून ठेवला. उद्या नऊ वाजता व्हॅन त्याच रस्त्याने परत जाणार होती.

रविवारी सकाळी मी शिडी चढलो. वारा असा की अक्षरं हातात राहीनात, बोटं बधिर. खाली ओपल शिडी धरून उभी होती. अडतीस वर्षांत ती पहिल्यांदा शिडी धरायला आली होती. मी फार विचार केला नाही. जे लिहिलं ते एवढंच, ‘३७, तू आमचाच आहेस. चाकांचं सोमवारी बघू.’

नऊला व्हॅन आली. मी दारात उभा होतो. व्हॅन बोर्डापाशी हळू झाली. थांबली नाही. काचेवर उजेड होता, आत कोण काय करतंय ते दिसलं नाही. लव्हॉनने हॉर्नसुद्धा दिला नाही. मी मनाशी म्हटलं, संपलं. भिंतही गेली आणि या बाईची चावीही गेली, आणि दोन्ही मीच घालवली.

दुपारी कोल्बी रॅश्के आला. चालत आला, वसतिगृहापासून दोन मैल. बोर्डाखाली उभा राहून बघत होता. मी बाहेर जाऊन त्याची माफी मागितली, सरळ शब्दांत, काही फाटे न फोडता. तो म्हणाला, बॅग भरून ठेवली होती, वडील न्यायला येणार होते. मग म्हणाला, आज नको या म्हणून सांगतो त्यांना. त्याला आत बोलावून जेवू घालावं असं फार वाटलं. पण मला अक्कल आली होती. आधी लव्हॉनला फोन केला, की या पोराला घरी जेवायला बोलावलं तर चालतं का? ती विमानतळावरून परतत होती. म्हणाली, ऑफिसला विचारून सांगते. मंगळवारी ती तीन सह्यांचा कागद घेऊन आली, आणि गुरुवारी त्या पोराने चिलीचे चार वाडगे खाल्ले.

चावी तिने रविवारीच जमा केली होती. मी कोच गॅरिटीकडे गेलो, त्याच्यापुढे टोपी हातात घेऊन उभा राहिलो आणि म्हटलं, चूक माझी, शिक्षा तिला का? तो म्हणाला, पोरगा कुठे जातो ते बघू, मग बोल.

डिसेंबरात मुलं सह्या करतात तो दिवस आला. ज्याच्या त्याच्या शाळेत टेबल मांडतात, प्रत्येक कॉलेजची एकेक टोपी ठेवतात, आणि पोरगा जी डोक्यावर घालेल तिकडे तो जाणार. माझ्या दुकानात वीस माणसं एका फोनभोवती गोळा झाली होती. टेबलावर चार टोप्या. जोवानने हात पुढे केला, मागे घेतला, आईकडे बघितलं. मग करकोच्यांची टोपी उचलली. तीही त्याला लहानच होत होती. आमच्या दुकानात मोठमोठी माणसं रडली, त्यात मी एक.

त्याच संध्याकाळी मिसेस ब्रॅन्टलींनी लव्हॉनला फोन केला, आणि तिने तो मला जसाच्या तसा सांगितला. त्या म्हणाल्या होत्या, "बाकीच्या तीन गावांत मला सगळं चांगलंच दाखवलं. तिथला असला बोर्ड कुठे आहे, ते कोणी सांगितलं नाही. तुम्ही गाडी थांबवलीत."

कोच गॅरिटी चावी घेऊन स्वतः लव्हॉनच्या घरी गेला.

मी देवाला रोज आठवतो असा माणूस नाही. पण त्या बाईबद्दल आभार मानल्याशिवाय माझा दिवस जात नाही. मागच्या रस्त्याने गेली असती तर कोणालाच काही कळलं नसतं, आणि मी आजही शिडीवर चढून कोणाच्या तरी पोराचा जीव खात बसलो असतो.

तेव्हापासून एक रिवाज पडलाय. दर शुक्रवारी परगावचं पोरगं घेऊन येताना लव्हॉन हवा बघायच्या निमित्ताने आधी माझ्याकडे व्हॅन घालते. हवा बरोबर असते, मला माहीत आहे. ती आईला उतरवते आणि माझी ओळख करून देते. म्हणते, "हा आमच्या गावातला सगळ्यात वाईट माणूस. याला आधी बघून घ्या, पुढचं सोपं जाईल."

मी दोन्ही हात पाठीमागे धरून उभा राहतो, चुकून टोपी दिली जायला नको म्हणून.