आडवी लागलेली गोळी

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, हिवाळ्यात, सिंदी (रेल्वे)जवळच्या एका शिवारात दिवस बुडताना भाजीपाला पिकवणाऱ्या एका शेतकऱ्याच्या खांद्यात गोळी लागली. तो वाचला. वर्ध्याच्या दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्याने जबाब दिला, की गोळी सख्ख्या थोरल्या भावाने झाडली. त्या ठाण्याचा फौजदार मी होतो. सेवेतली बरीच प्रकरणे आता पुसट झाली आहेत. हे झालेले नाही.

भावांची वावरे शेजारी होती आणि धुऱ्यावरून, म्हणजे मधल्या बांधावरून, वाद होता. गोळी लागल्यावर धाकट्याने वळून पाहिले, तेव्हा थोरला धुऱ्यावर भरमार घेऊन उभा होता. भरमार म्हणजे तोंडाकडून दारू ठासायची बंदूक. पीकरक्षणासाठी तिचा परवाना त्याच्याकडे होता. पंचांसमोर ती जप्त केली, तेव्हा नळीला ताज्या दारूचा वास होता. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल करून त्याला अटक केली.

"बार मीच काढला, साहेब," तो म्हणाला. "पण आत निस्ती दारू. डुकरं हाकलाले. माह्या भावाले मी काऊन मारीन?"

"धुऱ्यासाठी," हवालदार म्हणाला.

"धुऱ्यासाठी शिव्या देतो जी मी. रोज देतो. साऱ्या गावाले इचारा."

पुढच्या बाजाराच्या दिवशी शेजारच्या वावरातल्या एका बाईने आमच्या शिपायाला वेगळेच सांगितले. मी तिला ठाण्यात बोलावले.

"बार दोन झाले, साहेब. पयला ढुम्म. तो भरमारचा, आमी नेहमीच आयकतो. लगेच दुसरा कडाक्‌. तवा धाकटा बोंबलला."

"आधी का नाही सांगितलं?"

"मले कोनी इचारलं काय?"

भरमार पुन्हा ठासायला वेळ लागतो. लागोपाठचे दोन बार तिचे असू शकत नव्हते. कडाक्‌ आवाज रायफलचा, आणि आसपास रायफल एकाकडेच होती, नाल्यापलीकडच्या एका मोठ्या बागाईतदाराकडे. तो स्वतःहून रायफल घेऊन आला. सोबत कारखान्याच्या काडतुसांचा डबाही होता.

"फौजदारसाहेब, रायफलची गोळी गोल भोक पाडते," तो म्हणाला. "जखम कशी हाये, डॉक्टरले विचारा."

जखम लांबट होती, बोटाच्या पेराएवढी. डॉक्टरांनी काढलेला शिशाचा तुकडा हाडावर चेपला होता, त्यावरून आकार कळत नव्हता. आक्षेप बिनतोड वाटला. तरीही दोन्ही बंदुका, काडतुसे आणि तो तुकडा मोहोरबंद करून नागपूरच्या बंदूकतज्ज्ञाकडे पाठवला.

तज्ज्ञाने मला बोलावून समजावले. रायफलच्या नळीत आतून मळसूत्रासारख्या खाचा असतात. त्यांचा पीळ गोळीला गरगर फिरवतो, म्हणून ती टोक पुढे ठेवून सरळ जाते. आखूड गोळीला सैल पीळ पुरतो. लांब गोळीला घट्ट पीळ लागतो. सैल पिळाच्या नळीतून लांब गोळी सोडली, तर ती वाटेत डोलते, कोलांट्या खाते, नेम सोडते आणि आडवी लागते. जप्त रायफल जुनी, आखूड गोळीसाठी बनवलेली होती. चेपलेल्या शिशावर एका बाजूला तिरप्या खाचांच्या पुसट खुणा होत्या. भरमारची नळी आतून गुळगुळीत असते.

"ही कारखान्याची गोळी नव्हे," तो म्हणाला. "वजन फार जास्त आहे. लांब गोळी कुठून आली, ते तुम्ही शोधा."

बागाईतदाराला पुन्हा बोलावले. शिकारीच्या शौकिनाला गुन्ह्याबद्दल विचारले, की तो जपून बोलतो. शिकारीबद्दल विचारले, की थांबत नाही. मी चहा मागवला आणि विचारले, कंपनीच्या गोळीने डुक्कर पडते का?

"कायचं पडते! हलकी गोळी. डुक्कर ते अंगावर घेऊन कापसाच्या पऱ्हाटीत घुसते. काडतुसंही मोजकीच भेटतात. मी जुन्या काडतुसांत घरी ओतलेली गोळी भरून घेतो, चांगली लांब, जड. एक बसली का जागच्या जागी."

"त्या दिवशी कोणती भरली होती?"

त्याने कपबशी खाली ठेवली.

"डुक्कर नाल्याकाठी होतं, साहेब. तो धाकटा पार बाजूले. माहा नेम चुकत नाई."

नेम कसा चुकला, हे त्याला तोवर समजलेले नव्हते. मी समजावले. त्यानंतर त्याने घरातल्या ओतीव गोळ्या पंचांसमोर काढून दिल्या.

पोलिसांच्या गोळीबार मैदानावर तज्ज्ञाने त्याच रायफलने चाचणी घेतली. कारखान्याच्या काडतुसांनी पुठ्ठ्यावर गोल भोके पडली. ओतीव गोळ्या नेमापासून दूर गेल्या आणि बहुतेक आडव्या लागल्या. तसा एक पुठ्ठा घेऊन मी दवाखान्यात गेलो.

धाकट्याने लांबट भोकात बोट घालून पाहिले.

"हे रायफलचं?"

"हो."

"आन् दादाची भरमार?"

"तिच्यात नुसती दारू होती."

त्याने पुठ्ठा बाजूला ठेवला आणि म्हणाला, "जेलात त्याले जेवाले बराबर देऊन राह्यले ना? त्याले तिखट चालत नाई."

पुरवणी जबाब मी तिथेच नोंदवला. थोरल्याची न्यायालयाने सुटका केली. बागाईतदाराला निष्काळजीपणाने गंभीर दुखापत केल्याबद्दल आणि हत्यार कायद्याखाली शिक्षा झाली. परवाना रद्द झाला. धाकट्याचा उजवा हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. त्या उन्हाळ्यात दोन्ही वावरांना पाणी थोरल्याने दिले.