मुका ठेवलेला डबा

आमच्या पोशेरा गावचा उमेश तालुक्याच्या कचेरीत कारकून आहे आणि गावातला पहिल्या नंबरचा भित्रा. कुत्रं भुंकलं तरी रस्ता बदलतो. पण मागच्या शिमग्यापासून तो ज्याला भितो, त्याला हसायची माझी छाती होत नाही.

त्याच्या घरी गाण्यांचा ॲम्प्लिफायर आहे. त्याला दोन डबे, म्हणजे स्पीकर, झेपतात. शिमग्याला त्यानं हौसेनं आणखी दोन जोडले. आवाज दणक्यात आला, पण ओझं जास्त झालं. ॲम्प्लिफायर तापत गेला आणि त्याच्यावर झाकलेलं फडकं पेटलं. शेजारी त्याची लेक राही झोपली होती. पोर वाचली. उमेश मात्र अजून जळका वास आला की घामाघूम होतो.

या वैशाखात गावातल्या मधूच्या लेकीची, सपनाची हळद होती. गाण्यांसाठी उमेशचाच ॲम्प्लिफायर मांडवात आणला होता. आमच्याकडे लग्नघरी कोणी रिकाम्या हातानं येत नाही. कोणी लाकडं आणतं, कोणी तांदूळ, आणि आता ज्याच्याकडे डबा आहे तो डबा आणतो. तो परत पाठवणं म्हणजे माणूस परत पाठवणं. बघता बघता सात-आठ डबे जमले. वर मांडवाचा वाळलेला पाला, मागे कुडाचं घर, आत झोपलेली पोरं. उमेशनं सगळे डबे मांडले, पण जोडले दोनच. बाकीच्या वायरी चटईखाली नुसत्या सोडून दिल्या. मग ॲम्प्लिफायरच्या झाकणावर तळहात ठेवून बसला, जेवायलाही उठेना.

गावातल्या चंदाचा नवरा भिका ठाण्याला बांधकामावर असतो. त्यानं घेऊन दिलेला डबा तिनं डोक्यावरून आणला होता. तिनं त्याला कान लावला आणि सरळ उमेशसमोर येऊन उभी राहिली.

“आमचाच डबा मुका का ठेवला? आमी परकी का?”

वायर सैल झाली म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण उमेशला तसं करवेना. त्यानं तिला झाकणाला हात लावायला सांगितलं आणि राहीजवळच्या आगीची हकिगत अडखळत सांगितली. एकेक डबा वाढला की हे आणखी तापेल, म्हणाला, मला फार भीती वाटते. मी वर पाल्याकडे पाहिलं. खोटं कशाला बोलू, मलाही वाटली.

चंदानं हात काढला नाही. तशीच त्याच्या शेजारी फतकल मारून बसली.

“जा दादा, जेवून ये. तवर मी हात ठेवते.”

उमेश उठला, त्यानं दोनदा मागे वळून पाहिलं आणि मग तो पंगतीत जाऊन बसला.